मेडिकलच्या आधीचे आठ दिवस

आमच्या कंपनीत वर्षातून एकदा मेडिकल असतं. डोळे, कान, छाती तपासतात, रक्त घेतात. नोटीस बोर्डावर तारीख लागली की पिणारे सगळे आठ दिवस आधी पिणं बंद करतात. हा नियम कुठे लिहिलेला नाही. मी कामाला लागलो तेव्हा जुन्या लोकांनी मला सांगितला, पुढे मी नव्यांना सांगितला. त्या आठ दिवसांत कुणी कुणाला आग्रह करत नाही. "मेडिकल आहे" एवढं म्हटलं की विषय संपतो. रक्त देऊन झालं की त्याच संध्याकाळी भोसरीत बसायचं आणि आठ दिवसांची कसर भरून काढायची.

मी एकोणीस वर्षं हे आठ दिवस पाळले. बायको काही बोलली की मी तिला हेच ऐकवायचो. "दरवर्षी आठ दिवस सोडतो की नाही? बेवड्याला जमेल का ते?" माझ्याकडे सांगायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा म्हणायचो.

माझं नाव दिलीप. वय एकोणपन्नास. दापोडीत राहतो आणि चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनला आहे. म्हणजे तयार झालेला भाग मापात आहे की नाही ते बघायचं, नसेल तर बाजूला काढायचं आणि असेल तर सही करायची. माझ्या सहीनंतर तो भाग कुणी तपासत नाही. हे सांगतोय कारण पुढे जे झालं ते एका खोट्या सहीसारखंच होतं.

तिसरा दिवस

दोन वर्षांपूर्वीच्या मेडिकलच्या वेळी मी रोज अर्ध्या बाटलीवर आलो होतो. हे मी कुणालाच खरं सांगत नव्हतो. ठरल्याप्रमाणे आठ दिवस आधी बंद केली. पहिला दिवस चिडचिडीत गेला. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले. माप तपासायचं गेज भागाच्या भोकात जाईना, म्हणून मी ते टेबलावर टेकवून धरत होतो. रात्रभर घाम. तिसऱ्या दिवशी पहाटे वंदना, माझी बायको, म्हणाली, "आज जाऊ नका. तोंड बघा आरशात."

"मेडिकलच्या आठवड्यात खाडा केला तर लोक काय म्हणतील?" मी म्हणालो आणि निघालो.

कंपनीची बस भोसरीला थांबली. तिथे बालाजी चढला आणि नेहमीसारखा माझ्या शेजारी बसला. एवढं मला आठवतं. पुढे मोशीच्या अलीकडे मी सीटवरून खाली पडलो, हातपाय झाडत होतो आणि जीभ चावली गेली होती, हे मला नंतर सांगण्यात आलं. बालाजीने माझं डोकं मांडीवर घेतलं. बस सरळ दवाखान्यात नेली. तिथून मला पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं.

वॉर्ड

पहिल्या चार दिवसांबद्दल मला जे आठवतं ते घडलेलंच नव्हतं. छतावरून बारीक बुश, आमच्याकडे बनतात त्या लोखंडी नळ्या, घरंगळत खाली येत होते, हजारोंनी, आणि एकही मापात नव्हता. मी ते वेचत होतो, तपासत होतो, फेकत होतो. प्रत्यक्षात माझे हात पट्टीने कॉटला बांधलेले होते आणि बोटं हवेत चालत होती. माझी मुलगी तेजू तेव्हा बारावीला होती. ती शेजारी बसून माझा हात धरायची. मी तिला हेल्पर समजून शिव्या दिल्या. कोणत्या, ते वंदनाने मला सांगितलेलं नाही. शेजारच्या कॉटवरचे आजोबा मात्र पाचव्या दिवशी म्हणाले, "पोरगी सोशिक आहे हो तुमची. दुसरी असती तर फिरकली नसती."

तेजू त्यानंतर खरंच फिरकली नाही. मी शुद्धीवर आलोय हे बघितलं आणि घरी गेली.

वॉर्डातलं जगणं शिफ्टसारखंच असतं. सहाला झाडलोट, सातला चहा, नऊला राउंड. मला ते बरं वाटायचं. एक वयस्कर सिस्टर होत्या. सलाईनची सुई बदलताना त्या माझ्या हाताकडे बघत, तोंडाकडे बघायच्या नाहीत. मला लाज वाटते हे त्यांना कळलं होतं. इतकी साधी गोष्ट, पण मी त्यांना विसरणार नाही.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "रोज किती घेता?"

"कधीतरी. थोडी."

"काका, मी पोलीस नाही."

मग मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि शेवटची कधी घेतली होती?"

"पडायच्या तीन दिवस आधी. कंपनीत मेडिकल होतं ना."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे रिपोर्ट चांगला यावा म्हणून एकदम बंद केली?"

"दरवर्षी करतो."

"दरवर्षी शरीराने चालवून घेतलं. आता त्याला इतकी सवय झालीय की एकदम काढून घेतली तर असे झटके येतात. यात माणसं जातात, काका. प्यायल्याने जातात तशीच अचानक थांबवल्यानेही जातात. थांबवायची तर आहेच, पण एकट्याने नाही. आमच्याकडे येऊन."

लिव्हरला सूज होती. अजून मागे फिरता येईल, म्हणाल्या. मी मान हलवली. पण मला त्या क्षणी लिव्हरची भीती वाटलीच नाही. मला एवढंच कळलं की एकोणीस वर्षं ज्या आठ दिवसांच्या जोरावर मी मान वर करून चालत होतो, त्यांनीच मला पाडलं होतं.

शुगर

सहाव्या दिवशी कंपनीतून दोघं भेटायला आले. एक ऑफिसातले साहेब आणि एक बालाजी. मी उशीला टेकून बसलो होतो. साहेबांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

मी काही बोलायच्या आत वंदना म्हणाली, "शुगर कमी झाली होती. एकदम खाली गेली."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. नोकरी जाईल या भीतीने ती बोलली, आणि मला त्या वेळी तिचे पाय धरावेसे वाटले. साहेबांनी "काळजी घ्या" म्हटलं. बालाजी कॉटजवळ आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, घाबरवलात की राव. मला वाटलं गेला माणूस. शुगर म्हंजे काय, गोड खाल्लं की झालं."

ते खोटं वंदनाच्या तोंडून निघालं, पण पुढे दोन वर्षं ते मी चालवलं. म्हणून ते माझं आहे.

झाकण

घरी आल्यावर दोन महिने मी प्यायलो नाही. मग एका संध्याकाळी घेतली. कारण काहीच नव्हतं, आणि असतं तरी लिहिलं नसतं. महिन्याभरात जिथे होतो तिथे परत आलो. फरक एवढाच की आता मला बंद करायचीही भीती वाटत होती.

वंदना मला ओढत त्याच मॅडमकडे घेऊन गेली. त्या म्हणाल्या, भरती व्हा. मी नाही म्हणालो. रजेचं कारण द्यावं लागलं असतं. शेवटी त्यांनी नाराजीनेच दुसरा मार्ग काढला. औषधं दिली, दर आठवड्याला येऊन दाखवायचं ठरलं, आणि दारू एकदम न तोडता थोडी थोडी उतरवत न्यायची. किती उतरवायची ते त्या सांगणार, ओतणार वंदना, मी बाटलीला हात लावायचा नाही. जरा हात थरथरला तर तडक दवाखाना. हे माझ्यापुरतं, माझे रिपोर्ट बघून ठरवलेलं होतं. वाचणाऱ्याने ते घरी करून बघू नये. मी इथे आकडे मुद्दामच दिलेले नाहीत.

वंदना बालवाडीत शिकवते. तिच्या माहेरी, माझ्याही घरी, दारूची बाटली कधी उंबऱ्याच्या आत आली नव्हती. माझे वडील कारखान्यात हमाली करायचे, पण प्यायले नाहीत. आमच्या वस्तीत लग्न असो, गृहप्रवेश असो, पंचशील म्हणताना पाचव्या, दारू न पिण्याच्या शीलाला त्यांचा आवाज चढायचा. मी आतापर्यंत बाहेर पिऊन यायचो. आता ती बाटली माझ्याच स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यामागे होती. खोकल्याच्या औषधाचं प्लास्टिकचं झाकण घेऊन वंदना मोजायची. मोजताना बाहेरच्या खोलीतल्या तसबिरी दिसू नयेत म्हणून ती दाराकडे पाठ करून उभी राहायची. तिची पाठ मी बघत बसायचो. कधी थेंब ओट्यावर सांडायचा, ती फडक्याने पुसायची आणि ते फडकं साबणाने धुऊन टाकायची.

"आज एक झाकण कमी," ती म्हणायची.

"जमेल," मी म्हणायचो.

"जमेल म्हणू नका. जमलं की सांगा."

तेजू अशा वेळी पुस्तक घेऊन गॅलरीत जायची. माझ्याशी तिचं बोलणं जेवणापुरतं उरलं होतं. भात हवा का, पाणी देऊ का. पण आठवड्याने मॅडमकडे जायच्या दिवशी माझी फाईल दाराजवळच्या खुर्चीवर काढून ठेवलेली असायची. ती वंदना ठेवत नव्हती. हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

अडीच महिन्यांनी वंदनाने ते झाकण धुतलं आणि कचऱ्यात टाकलं. तिने चहा टाकला.

लिमलेटच्या गोळ्या

आता बालाजीबद्दल लिहायला हवं.

बालाजी लातूरकडचा. वय अडतीस. प्रेस शॉपला कंत्राटी कामगार होता. दर वर्षी कंत्राट नव्याने व्हायचं आणि त्यासाठी मेडिकल पास लागायचं. बायको आणि दोन मुली गावाकडे. तो भोसरीत एका खोलीत एकटा राहायचा. बोलका होता, बसमध्ये त्याचाच आवाज असायचा.

मी कामावर परत आलो त्या पहिल्याच सकाळी भोसरीला चढल्या चढल्या त्याने माझ्या हातात एक संत्र्याच्या रंगाची लिमलेटची गोळी ठेवली.

"घ्या भाऊ. शुगर वर ठेवायची."

"अरे, कशाला?"

"खावा गपगुमान. परत मांडीवर डोकं घ्यायला लावू नका. लई जड हाय तुमचं."

सगळे हसले. मीही हसलो आणि गोळी तोंडात टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. मी मधल्या काळात पुन्हा पीत होतो तेव्हाही, झाकणं मोजत होतो तेव्हाही, आणि सुटली त्यानंतरही. जवळजवळ वर्षभर मी त्या माणसाच्या हातची गोळी खाल्ली आणि एकदाही म्हणालो नाही की बालाजी, मला शुगर नाही.

मला दारू वर्ज्य आहे हे त्याला माहीत होतं. शुगरमुळे, असं त्याला वाटायचं. एकदा कुणाच्या तरी प्रमोशनची पार्टी होती. मला आग्रह सुरू झाला. मी शब्द शोधत होतो, तेवढ्यात बालाजी मध्ये पडला. "त्यांचं मेडिकल हाय."

"आत्ता कसलं मेडिकल? वर्ष आहे अजून."

"त्यांचं येगळं असतंय. पुढच्या आठवड्यात हाय."

आणि आग्रह थांबला. त्या एका शब्दाचा आमच्यात इतका मान आहे की थट्टेतही तो चालला. पुढच्या आठवड्यात बसमध्ये कुणीतरी विचारलं, "काय भाऊ, झालं का मेडिकल?" बालाजीच म्हणाला, "पुढं ढकललंय. पुढच्या आठवड्यात." मग ते रोजचंच झालं. मी बसमध्ये शिरलो की मागून आरोळी यायची, "मेडिकल कधी?" आणि सगळी बस म्हणायची, "पुढच्या आठवड्यात!"

मला दारूपासून लांब ठेवण्यात औषधांचा जेवढा वाटा आहे तेवढाच त्या आरोळीचा आहे. आयुष्यभर सोडायची म्हटलं की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. आठवडाभर सोडणं मला येत होतं. बालाजीने मला एक एक आठवडा दिला.

एकदा मी गोळीचा कागद खिशातून काढून टेबलावर ठेवला. तेजूने तो उचलला. "हे ते बसमधले काका देतात ना? अजून?"

"हो."

"त्यांना खरं सांगितलंत?"

"सांगेन."

"ते स्वतः पितात का?"

"सगळेच पितात थोडीफार."

तिने कागदाची घडी घातली आणि माझ्यासमोर ठेवली. "मग त्यांना तर आधी सांगायला हवं," ती म्हणाली. कितीतरी महिन्यांत ती माझ्याशी एवढं बोलली होती, आणि मी टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढचं मेडिकल

गेल्या वर्षी नोटीस लागली. बसमध्ये नेहमीची बोलणी सुरू झाली. बालाजी म्हणाला, "आजपासून आमचं बी बंद. आता भाऊ आन् मी एका लायनीत."

एकदा बोलता बोलता त्याने मला सांगितलं होतं की खोलीवर एकट्याला झोप येत नाही, अर्धी संपल्याशिवाय डोळा लागत नाही. मला ते आठवलं. बस पुणे-नाशिक रस्त्याला लागली होती. शेजारी तो, मागे पुढे ओळखीची माणसं. मी हळू आवाजात म्हणालो, "एकदम नको रे बंद करू. हळूहळू कमी कर."

"का?"

तो माझ्याकडे बघत होता. एक वाक्य होतं. दवाखान्यात मॅडमनी मला दिलेलं, जसंच्या तसं पाठ असलेलं. ते म्हणायला जेमतेम अर्धं मिनिट लागलं असतं. पुढच्या सीटवर ऑफिसातला एक माणूस बसला होता.

मी म्हणालो, "एकदम बंद केली की शुगर कमी होते."

बालाजी हसला. खिसा थोपटला. "मंग गोळ्या हायतच की."

तिसऱ्या दिवशी तो बसमध्ये चढला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. गोळी देताना त्याची बोटं माझ्या तळव्यावर वाजत होती. त्याने स्वतःही दोन गोळ्या एकदम तोंडात टाकल्या. "शुगर कमी झाली वाटतंय भाऊ. तुमच्यावानी."

मला कळलं होतं. मी तपासणारा माणूस आहे, थरथर मला दिसते. मी म्हणालो, "बालाजी, दवाखान्यात जा. आजच."

"मेडिकल झाल्यावर जातो की. आत्ता गेलो आन् कायतरी निघालं तर कंत्राट कोण देतंय? पाच दिस ऱ्हायलेत."

मी पुन्हा म्हणालो, "जा रे." त्याने मान डोलावली. चाकण आलं. आम्ही उतरलो. मी पंच केलं आणि माझ्या टेबलावर जाऊन भाग तपासायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोसरीला तो चढला नाही.

जेवणाच्या सुट्टीत फोन केला, उचलला नाही. शिफ्ट सुटल्यावर मी भोसरीला उतरलो आणि त्याच्या खोलीवर गेलो. कडी आतून होती. घरमालकीण बाई म्हणाल्या, "सकाळपास्नं दार उघडलं न्हाई. मला वाटलं पाळी बदलली." शेजारच्या वर्कशॉपमधल्या दोघांनी दार ढकललं.

तो कॉट आणि शेगडीच्या मध्ये फरशीवर पडला होता. अंगावर कंपनीचा शर्ट होता, म्हणजे निघायच्या तयारीत होता. त्याच्याभोवती लिमलेटचे कागद पडले होते, बरेच. काही उघडलेल्या गोळ्या तशाच फरशीला चिकटल्या होत्या. एक मुठीत होती.

जे मी त्याला सांगितलं होतं त्यावर त्याने विश्वास ठेवला होता. शेवटपर्यंत तो शुगर वर आणत होता.

चौथं

त्याचा भाऊ लातूरहून आला. दवाखान्याच्या आवारात माझ्याजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "दादाला शुगर होती का हो? फोनवर म्हनलेला, शुगर कमी झाल्यावानी होतंय."

मी त्याच्या चपलांकडे बघत होतो. म्हणालो, "नक्की कळलं नाही."

माझ्या हातून आयुष्यात बऱ्याच वाईट गोष्टी झाल्या आहेत. बायकोला दिलेला त्रास आहे, मुलीला दिलेल्या शिव्या आहेत. पण ते सगळं मी प्यायलेलो असताना किंवा शुद्धीत नसताना झालं. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत बोललो.

पुढच्या महिन्यात वस्तीत एका घरी नामकरण होतं. आम्ही तिघं गेलो. सगळे हात जोडून उभे राहिले आणि पंचशील सुरू झालं. वर्षानुवर्षं पाचवं शील आलं की मी ओठ मिटून घ्यायचो. वडिलांचा चढलेला आवाज आठवायचा आणि मान खाली जायची. त्या दिवशी मी ठरवून आलो होतो की पाचवं मोठ्याने म्हणायचं. आता मला तो हक्क होता.

मी तिथपर्यंत पोचलोच नाही. चौथ्यालाच आवाज बंद झाला. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. ते मी लहानपणापासून इतक्या वेळा म्हटलं होतं, आणि त्याच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. सगळी भीती पाचव्याची. दारू सुटली की माणूस चांगला झाला असं मी धरून चाललो होतो. बालाजी माझ्या दारूने गेला नाही. मी दारू सोडलेली असताना गेला.

बाकीचे पाचवं म्हणत होते. तेजू माझ्या शेजारीच होती. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागली.

बस

या वर्षी नोटीस लागली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी बसमध्ये चढलो आणि बसलो नाही. दांडा धरून पुढे उभा राहिलो. भोसरीचे लोक चढेपर्यंत थांबलो. बालाजी गेल्यापासून "मेडिकल कधी" ही आरोळी कुणी दिली नव्हती.

"मला दोन मिनिटं बोलायचंय," मी म्हणालो.

"बसून बोला की भाऊ, ब्रेक लागला तर पडाल," मागून कुणीतरी म्हणालं.

"पडलो होतो ना, त्याबद्दलच बोलायचंय."

मग मी सांगितलं. मला शुगर कधीच नव्हती. रोज अर्धी बाटली प्यायचो, मेडिकलसाठी एकदम बंद केली म्हणून झटका आला. बालाजीलाही तेच झालं आणि मला ते आदल्या दिवशीच कळलं होतं. मी त्याला शुगर सांगितली. जो रोज पितो त्याने हे आठ दिवस एकट्याने धरू नयेत. कमी करायची आहे, सोडायची आहे, तर डॉक्टरला खरं सांगून सोडा. मी बरोबर येतो.

नीट बोललो नाही. मध्येच दोनदा थांबलो. बस मोशीच्या पुलावर आली. बालाजीच्या गावाकडचा एक जण होता, त्याने माझ्याकडे बघितलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. तो अजून माझ्याशी बोलत नाही. त्याचं बरोबर आहे.

मग तिसऱ्या रांगेतून चव्हाण उठले. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेला, कुणाच्या अध्यात न मध्यात असणारा माणूस. माझ्याजवळ आले आणि हात पुढे केला, तळवा खाली करून. बोटं थरथरत होती.

"नोटिशीची वाट नाही बघितली," ते म्हणाले. "परवापासून बंद केलीय."

ड्रायव्हरने न सांगता बस कडेला घेतली. चव्हाण आणि मी उतरलो, रिक्षा केली आणि माघारी पिंपरीला गेलो. मॅडमनी त्यांना भरती करून घेतलं. ते आता घरी आहेत. वाचले एवढंच म्हणतो. सुटली असं ते म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही.

मला ऑफिसात बोलावलं होतं. जे खरं होतं ते लिहून दिलं. निर्णय अजून आलेला नाही. वंदना त्या रात्री जेवली नाही. सकाळी डबा देताना म्हणाली, "ते मी बोलले होते, दवाखान्यात. माझं नाव का नाही घेतलंत?"

"तू एकदा बोललीस. मी रोज गोळी खाल्ली."

तिने डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं.

हे लिहायला सांगणाऱ्या मॅडमच. त्यांच्याकडे दर पंधरवड्याला आम्ही काही जण बसतो, त्या लोकांना वाचायला द्यायचं म्हणाल्या. शेवटी काहीतरी धीर देणारं लिहा, असंही म्हणाल्या. माझ्याकडे धीराचं एवढंच आहे की एका आठवड्याच्या वर विचार करू नका आणि तो आठवडा एकट्याने काढू नका. मला माणसं मिळाली. ज्याने सगळ्यात जास्त दिलं त्याला मी अर्ध्या मिनिटाचं खरं दिलं नाही.

बालाजीची बायको आणि मुली अजून समजून आहेत की तो शुगरने गेला. धाकटीला गोड खाऊ देत नाहीत म्हणे, शुगर घराण्यात आहे म्हणून. हे मला त्याच्या भावाकडून फोनवर कळलं. फोनवर सांगायची गोष्ट नाही, म्हणून मी म्हणालो, रविवारी येतो.

काल मी गाडीचं रिझर्वेशन बघत बसलो होतो. तेजू मागे येऊन उभी राहिली.

"तिथे पण शुगरच सांगणार असाल तर जाऊ नका, पप्पा."

"नाही सांगणार."

"त्या काही बोलल्या, रागावल्या, तर?"

"ऐकून घेईन."

तिने वाकून रविवारची तारीख बघितली. मग म्हणाली, "दोन तिकिटं काढा."